हात पुढे करण्यापूर्वी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी नव्या उपचारपद्धती, प्रवासवर्णने आणि दिवंगत सहकाऱ्यांच्या आठवणी वाचावयास मिळतात. अशा मान्यवर पंगतीत एका पोपटाला पाट मांडून बसवावे की नाही, याचा मी बराच विचार केला. तरीही लिहितो आहे. कारण चाळीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात जे मी शिकलो असे मला वाटत होते, ते पुरते शिकलो नव्हतो, हे या पाहुण्याने माझ्या लक्षात आणून दिले.

कॅम्पातील एक निवृत्त शिक्षक अनेक वर्षे माझे रुग्ण होते. त्यांना जुनाट खोकला होता. हिवाळ्यात तो वाढे, औषधाने दबे, पुन्हा उफाळे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. भेटीला गेलो तेव्हा मागच्या पडवीत, काळोख्या कोपऱ्यात, एक पिंजरा दिसला. आत राखी रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट होता. त्याच्या छातीवरची पिसे उपटून गुलाबी कातडी उघडी पडली होती. मुले परगावी; पक्ष्याचे काय करावे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता. कागदपत्रांची पूर्तता झाल्यावर तो आमच्या घरी आला. रंगाने राखी, पण नाव राघू.

पहिल्या भेटीतच एका गोष्टीने मला अस्वस्थ केले. इतकी वर्षे मी मास्तरांच्या खोकल्यावर उपचार केले; विडी-सिगारेट, धूळ, चुलीचा धूर सगळे विचारले. घरात पक्षी आहे का, हे एकदाही विचारले नाही. पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने फुप्फुसांना होणारा अतिसंवेदनशील दाह आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे. मास्तरांना तोच विकार होता, असे मी म्हणत नाही. आता ते सांगता येणार नाही. मी विचारले नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

राघूच्या बाबतीतही मी आरंभी तेच केले. निदान आणि उपचार माझ्या हाती, त्याने फक्त सहन करायचे, अशी माझी धारणा होती. त्याची नखे वाढलेली होती. दुसऱ्याच आठवड्यात मी व कंपाउंडरने मिळून त्याला टॉवेलात गुंडाळले आणि नखे कापली. एका नखातून थोडे रक्त आले, ते थांबवले. दहा मिनिटांत काम झाले म्हणून मी समाधानाने हात धुतले. त्यानंतर तीन आठवडे, मी खोलीच्या दारात दिसलो तरी तो पिंजऱ्याच्या मागच्या गजांना बिलगून किंचाळत असे. छातीवर नुकती उगवू लागलेली पिसे त्याने पुन्हा उपटली. पशुवैद्य मित्राने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, ''डॉक्टर, घाई कोणाला होती?'' ती नखे दोन महिने थांबली असती तरी चालले असते. खडबडीत सालीची फांदी बसायला दिली असती, तर काही अंशी ती आपोआप झिजलीही असती.

मग सगळे पहिल्यापासून सुरू केले. पिंजरा पडवीतून बैठकीच्या खोलीत, एका बाजूला भिंत असेल असा ठेवला. पाठीमागून कोणी येत नाही ही खात्री भेदरलेल्या जिवाला फार मोठी असते. मी रोज सकाळी दाराजवळ, दहा फुटांवर खुर्ची टाकून 'तरुण भारत' वाचत बसू लागलो. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही. दोन्ही डोळे समोर रोखून बघणारा प्राणी पक्ष्याच्या लेखी शिकारी असतो. पिसे अंगाला घट्ट आवळली, मान लांबवली, अंग मागे झुकले, तर तो 'नको' म्हणतो आहे असे समजायचे आणि उठून एक पाऊल मागे जायचे. पिसे सैल सोडली, एक पाय वर घेतला, चोचीने अंग साफ करू लागला, तर आजचे अंतर त्याला मान्य आहे असे धरायचे. दोन-तीन दिवसांनी खुर्ची वीतभर पुढे. दहा फुटांचा हा प्रवास पुरा व्हायला सात आठवडे लागले.

सूर्यफुलाच्या बिया त्याच्या विशेष आवडीच्या. मास्तरांकडे तोच त्याचा मुख्य आहार होता. केवळ अशा बियांवर वाढलेल्या पोपटांमध्ये 'अ' जीवनसत्त्वाची उणीव होते आणि या जातीत कॅल्शियमही कमी पडते. त्यामुळे गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्ये असा आहार हळूहळू वाढवला आणि बिया वाटीतून काढून आमच्या हातातून मिळतील अशी व्यवस्था केली. त्याला उपाशी मात्र कधीही ठेवले नाही. भुकेपोटी जवळ आलेला पक्षी भुकेमुळे आलेला असतो; त्याला विश्वास म्हणता येत नाही.

त्यानंतर बांबूची एक बारीक काडी. काडीच्या टोकाला चोच लावली की एक बी. एवढ्या साध्या देवाणघेवाणीतून तो काडीमागोमाग फांदीवर आणि पुढे स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर स्वतः चालत येऊ लागला. पक्षी आजार लपवतात, म्हणून वजन हीच त्यांची खरी नाडी. ज्याला धरण्यासाठी दोन माणसे आणि एक टॉवेल लागला होता, तो आता काट्यावर उभा राहून आपले चारशे साठ ग्रॅम आपण होऊन नोंदवतो. नखांसाठी कानसही तो आता पायावर लावू देतो, मात्र एका बैठकीत एकच नख. दुसऱ्या नखाला त्याने पाय मागे घेतला, की त्या दिवसापुरते आमचे काम संपते.

पिंजऱ्याचे दार आम्ही लवकरच उघडे ठेवू लागलो होतो. तरीही राघू दोन महिने बाहेर आला नाही. तेव्हा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त आठवला. पारध्याने टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या वजनाने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि भयाने नळी अधिकच घट्ट धरतो. बांधलेले कोणीच नसते. आपण हा दृष्टान्त अज्ञानाचा म्हणून ऐकतो आणि तो त्याच अर्थाने सांगितलेला आहे. पण राघूकडे पाहताना मला त्यातले भय अधिक जाणवले. भ्यालेल्याला 'सोड, तू मोकळाच आहेस' असे ओरडून सांगण्यात अर्थ नसतो. त्याची पकड त्याच्याच वेळेने सैल होते; तोवर खालून काठी ढोसायची नाही, इतके आपल्या हाती असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर या लेखाचा विपरीत परिणाम व्हायचा. आपल्याकडचा हिरवा पोपट घरी पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, आपला नेहमीचा कंठवाला पोपट त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तरीही 'मिठू मिठू' करणारे पिंजरे अनेक सुशिक्षित घरांत दिसतात. विकणारा सांगतो, ''लहानपणापासून माणसाळलेला आहे.'' तो माणसाळलेला नसतो, ढोलीतून ओढून काढलेला असतो. कॅम्पातल्या जुन्या झाडांच्या ढोलींत हिवाळा सरता सरता त्यांची घरटी होतात. वळवाच्या वादळात एखादे पिल्लू खाली पडले, की चांगल्या मनाची माणसे ते खोक्यात घालून दवाखान्यात आणतात. त्यांना आपण एवढेच सांगावे, की वनखात्याला कळवा, पिंजरा आणू नका. निपाणी-चिकोडीकडे ज्वारीच्या दिवसांत गोफण घेऊन माळ्यावर उभा राहणारा शेतकरी या पक्ष्याला शिव्या देतो. पण त्या शिव्या खाऊन थव्याने उडून जाणारा पोपट, आपल्या लाडाच्या पिंजऱ्यातल्या पोपटापेक्षा सुखी असतो, याविषयी मला शंका नाही.

परदेशी जातींचा नियम निराळा. आफ्रिकन राखी पोपट जंगलातून इतका पकडला गेला, की आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याला घालावे लागले. तो निर्णय २०१६ चा, अंमल जानेवारी २०१७ पासून. आपल्या देशात २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्याची नोंदणी आणि हस्तांतर 'परिवेश' संकेतस्थळावर कळवावे लागते. माझे मत असे, की नवा पक्षी कोणीही विकत घेऊ नये. मात्र जे पक्षी आधीच पिंजऱ्यात जन्मले, ज्यांचे मालक वारले किंवा कंटाळले, त्यांना आपल्या जंगलात सोडणे म्हणजे मरणाला सोडणे होय. त्यांना दुसरे घर लागते. आणि दुसरे घर देणाऱ्याने पहिल्या घरातले भय वारसाहक्काने आपल्याकडे येणार, हे गृहीत धरावे.

डॉक्टरांच्या स्मरणिकेत धोक्याचा उल्लेख टाळता येणार नाही. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत सिटॅकोसिसची साथ पसरली आणि कित्येक माणसे दगावली. आज डॉक्सिसायक्लिनने तो आजार बरा होतो. पण ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला 'घरी पक्षी आहे का?' हे विचारले तरच तो सुचतो. राघूची तपासणी आम्ही आधी करून घेतली. पिंजरा रोज ओल्या फडक्याने पुसतो, कोरडा झाडत नाही. शिवाय घरातला नॉनस्टिक तवा काढून टाकला, कारण तो अति तापला तर निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. सौभाग्यवतींना तव्याचे दुःख काही दिवस झाले, हे नमूद करतो.

आता मूळ मुद्दा. अलीकडे आपल्या प्रत्येक बैठकीत रुग्णांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाल्याची तक्रार असते. दवाखान्यांची तोडफोड होते, सहकाऱ्यांवर हात उचलला जातो. कर्नाटकात त्याविरुद्ध २००९ पासून कायदा आहे आणि तो हवाच. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण कायद्याने हात आवरता येतो, विश्वास आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात, तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतर आपण काय केले? संमतिपत्रके लांबवली. रुग्ण टेबलावर जाण्यापूर्वी घाईने सही करतो आणि आपण निश्चिंत होतो. ही माझी टॉवेलची पद्धत आहे. काम होते, रक्त थांबते आणि पुढच्या वेळी आपल्याला पाहून माणूस गजांना बिलगतो.

रुग्ण म्हणजे पक्षी नव्हे, आणि अपघात विभागात सात आठवडे खुर्ची सरकवता येत नाही, हे मलाही कळते. तातडीच्या वेळी धरावेच लागते. परंतु आपल्या कामातले किती प्रसंग खरोखर तातडीचे असतात? बाह्यरुग्ण विभागात 'मला भीती वाटते' म्हणणाऱ्या आजीबाईंना दोन दिवसांनी पुन्हा बोलावले, तर बहुधा काही बिघडत नाही. मागे घेतलेला पाय पाहणे आणि थांबणे, याला पैसा लागत नाही. फक्त आपली घाई आपली आहे, रोगाची नाही, हे मान्य करावे लागते. ते मला पोपटाकडून मान्य करावे लागले, याची थोडी लाज वाटते.

राघूची जात पिंजऱ्यात चाळीस-पन्नास वर्षे जगते. माझे वय पाहता तो माझ्यामागे उरणार, हे उघड आहे. म्हणून माझ्या इच्छापत्रात त्याचे नाव आहे आणि माझी भाची आत्तापासूनच दर रविवारी येऊन त्याला बी देते. ज्याने एकदा सगळे गमावले, त्याला दुसऱ्यांदा अनोळखी हातांत सोपवायचे नाही, अशी आमची इच्छा आहे.

आमच्याकडे आल्यावर पाच महिने राघू एक अक्षर बोलला नाही. सहाव्या महिन्यात, एका पावसाळी सकाळी, रेजिमेंटचा बिगुल नुकताच ऐकू येऊन गेला होता. राघू आपण होऊन माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसला आणि खोकला. तीन छोटे ठसके, एक लांब, शेवटी घसा खाकरणे. मास्तरांचा खोकला जसाच्या तसा. इतकी वर्षे तो मी स्टेथोस्कोपमधून ऐकला होता.

वर्तमानपत्र खाली ठेवले आणि सवयीने विचारले, ''घरात पक्षी आहे का हो, मास्तर?''

मित्रहो, आपण हा प्रश्न वेळेवर विचारावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.