हेवी मेटलचं पूरक वाचन

परवा भाचेसुनेने विचारलं, "मामा, मेटालिका, आयर्न मेडन, ब्लॅक सॅबथ सगळं पाठ झालंय. आता फारसं कुणी न ऐकलेलं काहीतरी सांगा ना!"

ज्या नातेवाईकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमचे चिरंजीव १९९४ साली पुण्याच्या होस्टेलवरून कॅसेटींची एक पिशवी घेऊन घरी आले. नोकरी लागल्यावर ते ती पिशवी विसरले, मी विसरलो नाही. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला हे धडामधुडूम आवडतंच कसं, हा प्रश्न मला तेव्हापासून विचारला जातोय. त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी. आज बोलायचंय ते शिफारस कशी करावी याबद्दल.

पन्नास नावांची यादी पाठवणं ही शिफारस नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सांगणाऱ्याची हौस भागते, ऐकणाऱ्याचं काही होत नाही. शाळेत पूरक वाचनासाठी मी कधी यादी दिली नाही. कुठल्या मुलाला कुठला धडा आवडला ते बघायचो, एक पुस्तक हातात द्यायचो आणि "पहिली वीस पानं रटाळ आहेत, तेवढी सोस" हेही सांगायचो. गाण्यांचंही तसंच. ऐकणाऱ्याला आधी काय आवडतं तिथून वाट काढायची आणि दोष झाकायचे नाहीत.

दुसरं म्हणजे, "कुणाला माहीत नाही म्हणजे थोर" ही मेटलवाल्यांमधली ऐट मला मान्य नाही. पुष्कळ अल्बम अंधारात राहिले कारण ते सामान्यच होते. पण काही राहिले ते पाठीशी कंपनी नव्हती, पैसा नव्हता म्हणून. असे अल्बम एकाने दुसऱ्याला सांगितले तरच जगतात.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे डायमंड हेड. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्टोअरब्रिजची ही पोरं. कंपनी मिळेना, म्हणून १९८० साली त्यांनी स्वतःच अल्बम काढला. वेष्टन कोरं पांढरं, त्यावर नावसुद्धा नाही! पुढे तो 'लाइटनिंग टू द नेशन्स' म्हणून ओळखला गेला. कॅलिफोर्नियात राहणारा लार्स उलरिच नावाचा सतरा वर्षांचा डॅनिश मुलगा त्यांच्या गाण्यांनी इतका वेडा झाला की १९८१ साली त्यांना ऐकायला थेट इंग्लंडला गेला आणि त्यांच्याकडेच मुक्काम ठोकला. त्याच वर्षी परतल्यावर त्याने मेटालिका सुरू केली. त्या अल्बममधल्या सात गाण्यांपैकी चार मेटालिकाने पुढे स्वतः वाजवली. तेव्हा सूनबाई, मेटालिका पाठ असेल तर 'अ‍ॅम आय ईव्हिल?' तुला ओळखीचं आहेच, आता मूळ ऐक. शब्द काही फार थोर नाहीत. पण गिटारच्या सुरावटी एकामागून एक अशा येतात की बाकीच्यांनी एकेकीवर एकेक गाणं बेतलं असतं.

आयर्न मेडनची घोडदौड आवडते ना? मग मनिला रोडचा 'क्रिस्टल लॉजिक'. साल १९८३. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटाचे हे लोक, म्हणजे संगीताच्या बाजारपेठेपासून पार दूर. हाही अल्बम त्यांनी स्वतःच काढलेला. दोष आधीच सांगतो. गायक-गिटारवादक मार्क शेल्टन नाकात गातो, ध्वनिमुद्रण स्वस्तातलं आहे आणि मधलं 'फीलिंग फ्री अगेन' हे गाणं पाहुण्यासारखं उपरं वाटतं. पण 'नेक्रोपोलिस'पासून सुरुवात कर, तीनेक मिनिटांचंच आहे. तिसऱ्या वेळी त्या नाकातल्या आवाजाशिवाय ते गाणं शोभलंच नसतं असं वाटू लागेल. या माणसाला खरी कदर मिळाली ती उशिरा, आणि जास्त करून युरोपात. जुलै २०१८मध्ये जर्मनीतल्या एका महोत्सवात वाजवल्यानंतर तिथेच तो गेला. वय साठ. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेल्या शिफारशीवर जमलेली माणसं समोर होती, एवढं तरी त्याच्या वाट्याला आलं.

आता घरचं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार', २०१७चा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. साहिल मखिजाचं गुरगुरणं ऐकून सासूबाई दार ठोठावतील, म्हणून हेडफोन लाव. (हाच गृहस्थ इंटरनेटवर स्वयंपाकही शिकवतो, हे सासूबाईंना सांगितलंस तर जरा निवळतील.) मधूनमधून गुरगुरणं थांबून स्वच्छ गळ्याचं गाणं येतं, त्याचा हात धरून चाल.

आणि शेवटी ब्लॅक सॅबथच्या संथ, जड चालीवरून निघणारी वाट. वॉर्निंग या इंग्रजी बँडचा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स', २००६ चा. पाचच गाणी, पण मिनिटं पन्नासच्या आसपास. यात भुतंखेतं नाहीत, तलवारी नाहीत. पॅट्रिक वॉकर नावाचा माणूस दुरावलेल्या नात्याबद्दल, कंठ दाटून आल्यासारखा गातो, आणि गिटार ओल्या वाळूची पोती ओढावी तशी चालते. दोष एकच. पाचही गाणी एकाच चालीची वाटतात. पहिल्यांदा मला कंटाळाच आला होता.

२०२१ साली ही गेली. भेटायला येणारे सगळे "धीर धरा" म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, पण त्यानंतर बोलणं खुंटायचं. त्या महिन्यांत मला भजनं ऐकवली नाहीत, नाट्यगीतं तर नाहीच नाही, कारण ती तिच्या आवडीची. हा अल्बम मात्र मी रोज दुपारी ऐकायचो. तो धीर धरायला सांगत नाही. घाईही करत नाही. दुःख जेवढं जड आहे तेवढंच जड वाजवतो, बस्स.

सूनबाई, तुझ्या माहेरी गेल्या वर्षी काय झालं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा शेवटी ठेवलाय. कधी ऐकायचा ते तू ठरव. नाहीच ऐकलास तरी चालेल.

पन्नास नावांच्या यादीत हा अल्बमही बसला असता, सदतिसाव्या क्रमांकावर वगैरे. पण कुणाला, कधी आणि का हे यादीला सांगता येत नाही. ते माणसालाच सांगावं लागतं.

तर चारच नावं झाली. ती ऐकून झाल्याशिवाय पाचवं मिळणार नाही!