दार लावून घ्या, डॉक्टर

दोस्तांनो, आधीच सांगून टाकतो. मी समलिंगी आहे. बौद्ध आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत राहतो. ज्यांना इथंच पान उलटायचंय त्यांनी खुशाल उलटावं. बाकीच्यांनी ऐकावं.

एका पावसाळ्यात दीड महिना झोप नव्हती. छातीत धडधड, जेवण जाईना, डोकं भणभणलेलं. रेल्वेच्या पुलावर उभा राहिलो की नको नको ते मनात यायचं. आई म्हणाली, नजर लागली. शेवटी वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, दोन तास लायनीत उभा. डॉक्टरच्या टेबलाभोवती सहा पेशंट, दार सताड उघडं, कंपाउंडर नावं ओरडतोय. डॉक्टरनं आडनाव वाचलं, मग तोंडाकडं बघितलं. काय टेन्शन आहे? मी हळूच सांगितलं. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे लग्न कर, सगळं ठीक होईल." लाईन हसली. मला ताकदीच्या गोळ्या मिळाल्या आणि वस्तीला बातमी मिळाली.

पुलाबद्दल त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

माझं भांडण इथंच आहे. माझं समलिंगी असणं हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच ते रोगांच्या यादीतून काढलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं संमतीच्या संबंधांना ३७७ च्या कचाट्यातून सोडवलं, आणि ते करताना बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला. माझा रोग होता ती झोप उडालेली रात्र आणि तो पूल. त्याला औषध आहे, उपाय आहे. पण आमचा डॉक्टर जे बरं करायचंच नाही ते बरं करायला धावतो, आणि जे बरं करायचं त्याच्याकडं ढुंकून बघत नाही.

कायदा नाही असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८. मनाचे उपचार साध्या आरोग्यसेवेत, अगदी प्राथमिक पातळीपासून मिळाले पाहिजेत. आणि भेदभाव कशावरून चालणार नाही? लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग. एकाच वाक्यात सगळं. म्हणजे माझ्या दोन्ही जखमा कायद्यानं एका ओळीत बसवल्या. २०२१ ला मद्रास हायकोर्टानं समलिंगी माणसाला 'सरळ' करण्याच्या उपचारांवर बंदी आणली. २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते करणं म्हणजे डॉक्टरी पेशाशी गैरवर्तन ठरवलं. छान. पण कागद पेशंट तपासत नाही.

कोणी म्हणेल, चांगला कौन्सेलर गाठ. गाठतो की! त्याच्या एका तासाच्या फीमध्ये आमच्या घरात आठवड्याचा किराणा येतो. कोणी म्हणेल, टेलिमानसला फोन लाव, १४४१६. फुकट आहे, चांगलं आहे. पण पाच माणसांच्या खोलीत मी काय बोलू? संडासच्या लायनीत बोलू? ज्यांच्या घराला आतली खोली असते त्यांना गुपित परवडतं. आमच्यासाठी दार लावून बोलायची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे दवाखाना.

नंतर एका मैत्रिणीनं दुसऱ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी उठून दार लावलं. "बायको आहे का?" नाही विचारलं, "कोणी जवळचं माणूस आहे का?" विचारलं. मग सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी रडलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही जसे आहात त्यात बिघाड काही नाही. झोप बिघडलीय, तिचं बघू. घरी मी काही कळवणार नाही." औषध दिलं, मोठ्या इस्पितळाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. याला किती वेळ लागला? पंधरा मिनिटं. याला परदेशी मशीन लागत नाही. शिकवलेला डॉक्टर लागतो, तोंड बंद ठेवणारा कंपाउंडर लागतो, आणि एक दार लागतं. ट्रान्स पोरीला तिनं सांगितलेल्या नावानं हाक मारायला तर तेवढाही खर्च येत नाही.

आता आपल्याच लोकांना. मागं मीटिंगमध्ये एक साथी विरोधकाला 'छक्का' म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली, भीतीनं. साल्यांनो, १९३४ साल आठवा. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'साठी अश्लीलतेचा खटला भरला. गुन्हा काय? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली. त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. वकीलपत्र कोणी घेतलं? बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण हा आपला प्रश्न नव्हे म्हणून बाबासाहेबांनी अंग काढून घेतलं नाही. तुम्ही कोण लागून गेलात अंग काढणारे?

पाण्यासाठी, रेशनसाठी आपण वॉर्ड ऑफिसवर मोर्चे नेलेत. पुढच्या मोर्च्याच्या मागण्यांत एक ओळ घाला: प्रत्येक सरकारी दवाखान्यात मनाचं दुखणं ऐकणारा, समलिंगी आणि ट्रान्स माणसाला माणूस म्हणून तपासणारा डॉक्टर, आणि बंद होणारं दार.

मी मोर्च्यात पुढं असेन. पुलावर नाही.