किल्लीच्या डब्या आणि सार्वमत

विकास आराखडा म्हटला की मराठी वाचकाला आठवते ती पेपरातली बारीक टायपाची नोटीस. हरकत नोंदवायची, पोच घ्यायची आणि वाट बघत बसायचं. इंग्लंडमध्ये २०११च्या ‘लोकलिझम अ‍ॅक्ट’ने रहिवाशांच्या हाती थेट आराखडाच दिला. पॅरिश किंवा टाउन कौन्सिल, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची दूरची बहीण, तो तयार करते. ती नसेल तिथे किमान २१ जणांचा मंच. मग स्वतंत्र परीक्षकाची तपासणी आणि सार्वमत. निम्म्याहून जास्त मतं मिळाली की बिल्डरच्या अर्जावर निर्णय देताना तो आराखडा सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

एक मेख मात्र आहे. ‘आमच्याकडे घरंच नकोत’ असं म्हणायची सोय नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या थेम गावाला वरून ७७५ घरांचा वाटा आला होता. आकडा गावकऱ्यांनी निमूट मान्य केला. पण एकाच ठिकाणी वसाहत उठवण्याऐवजी ती घरं गावभर वेगवेगळ्या जागी विभागून दिली.

कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज या बंदराच्या गावचं दुखणं वेगळं होतं. तिथल्या जवळपास पाव घरांत कायमचं कुणी राहत नव्हतं. दारापाशी पाहुण्यांसाठी किल्लीची डबी, उन्हाळ्यात गजबज, हिवाळ्यात खिडक्या काळ्या. मे २०१६मध्ये सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांनी कौल दिला: नवं घर बांधाल तर त्यात माणूस कायम राहिला पाहिजे. पुरावा काय, तर मतदारयादीत नाव, दवाखान्यात नोंद, मुलं गावच्या शाळेत. प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथेही नियम टिकला.

पण जुनी घरं या नियमाच्या कक्षेत येतच नव्हती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांना पुढे असं दिसलं, की नवं बांधकाम मंदावलं आणि सुट्टीच्या घराचं गिऱ्हाईक जुन्या घरांकडे वळलं. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. तरी दोष लोकांच्या कौलाचा म्हणता येत नाही. त्यांच्या हाती फक्त नव्या विटा होत्या. जुन्या घरांना हात घालायला कर लागतो आणि तो गावाच्या अखत्यारीत नाही. तो अधिकार कॉर्नवॉल कौन्सिललाही संसदेने २०२३मध्ये कायदा केल्यावरच मिळाला; एप्रिल २०२५पासून तिथे दुसऱ्या घराला दुप्पट कौन्सिल टॅक्स भरावा लागतो.