विश्लेषण : गेममधील पात्राचा पोशाख घरी कसा तयार होतो? देवणीतल्या मुलांनी कॉस्प्ले का करून पाहावे?

भारतातील पहिले कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्लीत भरले. व्हिडीओ गेम, कॉमिक्स आणि ॲनिमेमधील आवडत्या पात्राचा पोशाख करून मिरवण्याचा छंद, म्हणजे कॉस्प्ले, त्यानंतर आपल्याकडे मोठ्या शहरांत रुजला. आता त्याचे रील्स लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या तालुक्याच्या गावातही मोबाइलवर दिसतात. मात्र, घरात असे काही करायचे म्हटले की ‘ही सोंगे कशाला? अभ्यास कर,’ हे उत्तर ठरलेले. या छंदात नेमके काय शिकायला मिळते आणि तो देवणीला परका आहे का, याचा हा आढावा.

कॉस्प्लेची सुरुवात कुठे झाली?

१९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील माणसांचा पोशाख करून गेले होते. ते कपडे डग्लस यांनी स्वतः तयार केले होते. ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ या शब्दांचा जोड असलेला ‘कॉस्प्ले’ हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. जपानमधील नागोया शहरात २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते. मोठ्या स्पर्धांमध्ये पोशाख किती हुबेहूब आहे, यासोबतच तो स्पर्धकाने स्वतः किती बनवला, याकडेही परीक्षकांचे लक्ष असते.

कोणते पात्र निवडावे?

पात्र परदेशीच हवे, असे काही नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये जगभर प्रदर्शित झाला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात त्रिशूळ घेऊन निघालेली राजी ही त्याची नायिका. तिचे कपडे गावातला शिंपीही शिवू शकेल, असे आहेत. अगदी नवख्यांसाठी बीजीएमआय सोपा. जुने हेल्मेट, पाठीवरची सॅक आणि कमरेला अडकवलेला फ्राय पॅन एवढ्यावरही पात्र ओळखू येते.

गेममधल्या वस्तूचे माप कसे काढतात?

इथे शाळेतले गुणोत्तर उपयोगी पडते. गेममध्ये पात्र अनेकदा दुरून आणि तिरके दिसते, म्हणून त्याचे समोरून काढलेले चित्र घ्यावे. समजा, त्या चित्रात पात्राची उंची ८ सेंमी आणि हातातील त्रिशूळ ९ सेंमी आहे. पोशाख घालणाऱ्याची उंची १६० सेंमी असेल, तर प्रत्येक माप २० पट होईल. म्हणजे त्रिशूळ १८० सेंमीचे.

अंगावरच्या चिलखताचा साचा काढण्याची पद्धत त्याहून साधी. जुन्या टी-शर्टवरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्यावर पेनाने चिलखताच्या रेषा आखायच्या आणि दुसऱ्याच्या मदतीने ते कवच जपून कापून काढायचे. आखलेल्या रेषांवर पुन्हा कापले की सपाट तुकडे मिळतात. तोच साचा.

हेल्मेटचा घुमट सपाट शीटमधून कसा होतो?

सगळ्यात अवघड भाग हाच. शंकू किंवा नळकांडे उलगडून सपाट करता येते, घुमट येत नाही. वक्र पृष्ठभाग न ताणता सपाट करता येईल की नाही, याचे गणित जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ मध्ये मांडले. त्यांचे नावही न ऐकलेले टेलर मात्र हा प्रश्न रोज सोडवतात. कटोरी ब्लाउजमध्ये सपाट कापडाचे बाकदार तुकडे जोडून गोलाई आणली जाते. हेल्मेटसाठीही तेच करायचे, फक्त कापडाऐवजी फोम वापरायचा. त्यामुळे कॉस्प्ले करणाऱ्या मुलाचा पहिला गुरू यूट्यूबवर शोधण्याआधी गल्लीतल्या शिलाई मशीनवर शोधावा.

साहित्य कोणते, काळजी कोणती?

जगभरातील कॉस्प्लेअर ईव्हीए फोम वापरतात. चपलांचे तळवे आणि लहान मुलांच्या खेळायच्या जोडमॅट याच फोमच्या असतात. चिलखताला साधारण १० मिमी, हेल्मेटला ५ ते ६ मिमी आणि नक्षीला २ मिमी जाडी पुरते. हीट गनने हलके तापवले की फोम हवा तसा वळतो आणि त्याची बारीक छिद्रे मिटून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यावर पाणी मिसळलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात आणि मग ॲक्रिलिक रंग.

फोम जास्त तापला तर धूर निघतो. जोडकामाच्या सोल्यूशनचा वासही घातक असतो. म्हणून हे काम गच्चीवर किंवा अंगणात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारला तर थर्माकोल विरघळते, हेही लक्षात ठेवावे.

तलवार किंवा त्रिशूळ धातूचे नसावे. धारदार तलवारी ऑनलाइन मागवल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याची प्रकरणे मराठवाड्यात घडली आहेत. खऱ्या शस्त्रांना कॉमिक कॉनमध्येही प्रवेश नसतो.

देवणीला हे नवे आहे का?

सोंग घेणे मराठवाड्याला नवे नाही. बहुरूपी, ज्यांना रायरंदही म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. फरक इतकाच, की त्यांच्यासाठी ते पोटाचे साधन होते आणि समाजाने त्यांच्या कलेपेक्षा त्यांची झोळीच जास्त पाहिली.

देवणीचे नाव ज्या गोवंशामुळे देशभर गेले, त्या वानेरा, बालंक्या आणि शेवरा बैलांना पोळ्याला कसे सजवतात, हेही पाहावे. कपाळावर बाशिंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. वळणदार शिंगावर सुरकुती न पडता बेगड चिकटवणाऱ्या हातांना फोमचे हेल्मेट अशक्य नाही.

मग अडते कुठे?

अडते ते ‘लातूर पॅटर्न’पाशी. दहावी, बारावी आणि नीटच्या गुणांवर या जिल्ह्याने नाव कमावले. त्यातून अनेक सामान्य घरांतील मुले डॉक्टर-इंजिनीअर झाली, हे नाकारता येणार नाही. बारावीच्या वर्षात दोन महिने हेल्मेट बनवत बस, असे कुणी सांगणारही नाही. पण ज्या कामाला गुण नाहीत ते काम वाया, ही समजूत सहावी-सातवीपासूनच पक्की होते, हे नुकसान मोठे आहे.

शालेय वेशभूषा स्पर्धेतही तेच दिसते. पोशाख भाड्याने आणायचा, चार वाक्ये पाठ करायची, बक्षीस घ्यायचे. पोशाख कुणी बनवला, हे कुणी विचारत नाही. उलट, डिझाइनच्या पदवीसाठी निफ्टच्या प्रवेशात ‘सिच्युएशन टेस्ट’ असते. तिथे दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू बनवून दाखवावी लागते. ज्याने कधी पुठ्ठा कापला नाही, तो मुलगा तिथे मागे पडतो.

काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. तालुक्यातील शाळांनी त्यातले तीन दिवस टेलर, पेंटर आणि सुतार यांना वर्गात बोलावून पोशाख बनवण्यासाठी द्यावेत. वेशभूषा स्पर्धेत निम्मे गुण ‘स्वतः काय बनवले’ यासाठी ठेवावेत. पात्र राजी असो, बीजीएमआयचा खेळाडू असो की सावित्रीबाई, नियम एकच.

मुंबईचे कॉमिक कॉन देवणीपासून ५०० किलोमीटरहून दूर आहे. तिकीट आणि प्रवासाचा खर्च प्रत्येक घराला परवडणारा नाही. शाळेचे स्नेहसंमेलन मात्र प्रत्येक गावात होते. मोबाइलवर तासन्‌तास गेम खेळणाऱ्या मुलाला फोन ठेव म्हणून रोज ओरडण्यापेक्षा, ‘हे हेल्मेट तुला बनवता येईल का?’ असे एकदा विचारून पाहायला हरकत नाही. दोन्ही हात कात्री आणि फोममध्ये गुंतले, की फोन आपोआप बाजूला पडतो.