सुगंध आणि सातत्य

गुलाब दिसला की माणूस आपसूक वाकून त्याचा वास घेतो आणि अलीकडे पुष्कळदा निराश होतो. पॉलिहाऊसमधून बाजारात येणारा लांब दांड्याचा गुलाब दूरच्या प्रवासासाठी निवडलेला असतो. टणक पाकळ्या, गडद रंग आणि फुलदाणीतील टिकाऊपणा हे गुण जपताना सुगंध मागे पडला. युरोपातील जुने गुलाब सुगंधी होते, परंतु त्यांतील बहुतेक वर्षातून एकदाच फुलत.

हे दोन्ही गुण एकाच झुडपात आणण्याचा ध्यास इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातल्या डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनी घेतला. १९६१ साली त्यांचा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ हा वाण बाहेर आला. फूल भरगच्च आणि सुवासिक होते, पण बहर एकदाच येई. पुढील संकरांतून १९८३ चा पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ आणि १९८६ चा गुलाबी ‘गर्ट्रूड जेकिल’ हे पुन्हापुन्हा फुलणारे वाण निर्माण झाले.

या गुलाबांना ‘इंग्रजी’ म्हणतात खरे. परंतु पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण मुख्यतः चिनी गुलाबांकडून आलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून व्यापारी जहाजांतून हे गुलाब युरोपास पोहोचले. चिनी आणि दमास्क गुलाबांच्या संयोगातूनच बोर्बन गुलाब जन्मले. भारतात कलमांच्या खुंटासाठी वापरला जाणारा सुवासिक ‘एडवर्ड’ त्याच कुळातला. म्हणजे ऑस्टिन यांनी साधलेल्या मेळाचा एक जुना नमुना आपल्याकडे आधीपासूनच होता.

आता प्रश्न येतो जागेचा. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराडवरून सांगलीस पोहोचेपर्यंत कृष्णेकाठचे हवामान पार बदलते. महाबळेश्वर-पाचगणीची थंडी या झुडपांना मानवते, परंतु तेथील अखंड पावसात पानांवर काळे ठिपके पडतात. तिथे पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्यावी. सातारा शहर मध्यम ठरते. सांगलीत अडचण दुहेरी असते. काळी जमीन पाणी धरून ठेवते, तर चैत्र-वैशाखातील ऊन फूल उमलताच कोमेजून टाकते. म्हणून तेथे उंच वाफा करावा, मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, आणि सकाळचे ऊन मिळून दुपारी सावली येईल अशी जागा निवडावी.

छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. नेहमीच्या संकरित गुलाबासारखे हे झुडूप खोलवर छाटू नये. एक तृतीयांश उंची कमी करणे पुरते. पुढे प्रत्येक सुकलेले फूल खालच्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापावे. फळ धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि पुढचा बहर लांबतो. ताजे फूल तोडण्याची मात्र गरज नाही. या जातीच्या पाकळ्या लवकर गळतात, त्यामुळे तिची शोभा फुलदाणीपेक्षा झाडावरच अधिक खुलते.

जीवदया पाळणाऱ्या घराला फवारणीचा प्रसंग टाळावासा वाटतो. त्याची तयारी लागवडीपासूनच करावी लागते. दोन झुडपांत तीन-चार फुटांचे अंतर ठेवावे, पाणी पानांवर न घालता सकाळी बुंध्याशी द्यावे आणि नत्रखताचा मोह आवरावा. नत्र अधिक झाले की कोवळी, लुसलुशीत फूट येते आणि तिच्यावर मावा जमतो. वारा खेळता राहिला, तर काळ्या ठिपक्यांचा रोगही पुष्कळ आटोक्यात राहतो.

सांगलीच्या उन्हात ज्याला निगेस फारसा वेळ नाही, त्याने आधी सुवासिक गावठी गुलाब लावावा. तो रुजला, फुलला, की आपली माती आणि आपली सवय दोन्ही कळतात. त्यानंतर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या अंगणात एखादा इंग्रजी गुलाब आणला, तर तो केवळ नावासाठी आणलेला पाहुणा ठरणार नाही. हिवाळ्याच्या सकाळी घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळे ज्याच्यापाशी क्षणभर थांबतात, असे एक झाड दारात उभे राहील.