पुराव्याचे ओझे रुग्णावरच!

२०२१ साली इंग्लंडमधील एक्झिटर येथे एका २७ वर्षीय तरुणीचा कुपोषणाने मृत्यू झाला. तिला एमई, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, अतितीव्र स्वरूपात होता. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२४ मध्ये सरकारला लेखी बजावले, की या आजाराबाबत डॉक्टरांना मिळणारे प्रशिक्षण अत्यंत तोकडे आहे.

हा साधा थकवा नव्हे. जराशा श्रमानंतर, कधी दुसऱ्या दिवशी, प्रकृती ढासळते आणि विश्रांतीनेही सावरत नाही. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये हे प्रमुख लक्षण मानले. तेथील एक तृतीयांश वैद्यकीय महाविद्यालयांतही हा आजार शिकवला जात नाही, असेही नोंदवले.

जो शिकलाच नाही, तो डॉक्टर 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, व्यायाम वाढवा' म्हणणार! ब्रिटनमधील 'पेस' चाचणीने २०११ मध्ये या सल्ल्यावर शास्त्राचा शिक्का मारला. एका रुग्णाने माहिती अधिकारात मूळ आकडेवारी मागितली. विद्यापीठाने नकार दिला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ती द्यायला लावली. फेरतपासणीत रुग्ण बरे झाल्याचा दावा टिकला नाही. २०२१ मध्ये 'नाईस' या संस्थेने टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार बाद केला.

कोर्टात आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो. दवाखान्यात मात्र आपण खोटे बोलत नाही, हे आजारी माणसानेच सिद्ध करायचे! नुसती मार्गदर्शक तत्त्वे बदलून हा अन्याय संपणार नाही. हा आजार अभ्यासक्रमात आणि परीक्षेतही आला पाहिजे, आणि रुग्णाची साक्ष पुरावा म्हणून ऐकायला डॉक्टरांना शिकवले पाहिजे.