थोरल्या भावाची बाजू

गेल्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस खापरखेड्याला जाऊन राहिलो असे सांगितले, की पुण्यामुंबईकडची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "तिथे पाहण्यासारखे काय आहे हो?" मी म्हणतो, "चिमण्या!" मंडळींना वाटते, मी पक्ष्यांविषयी बोलतो आहे. नागपूरच्या उत्तरेला वीसएक किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात हे गाव आहे. शेजारी कोराडी, जवळच सिल्लेवाड्याची कोळशाची खाण, आणि गावाच्या डोक्यावर १३४० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. या अंकाचे वाचक आज ज्या आकाशकंदिलाच्या उजेडात बसले असतील, त्यातला एखादा किरण खापरखेड्याचाही असू शकेल.

पण मी गेलो होतो तो चिमण्या पाहायला नव्हे. माझी भाची तिथे असते. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी अचानक हृदयविकाराने गेले. त्यांचे मोटार वाइंडिंगचे लहानसे दुकान होते. थोरला मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. बाराव्या-तेराव्याचे झाले, पाहुणे गेले, आणि चौदाव्या दिवशी त्याने दुकानाचे शटर वर केले. कॉलेजात तो पुन्हा गेला नाही. आज तो एकवीस वर्षांचा आहे. धाकटा चौदाचा, यंदा नववीत.

मी पोहोचलो तेव्हा घरात मौन होते. दोन दिवसांपूर्वी धाकटे चिरंजीव रात्री साडेअकराला घरी आले होते. कुठे होतास, या प्रश्नाला "इथंच" एवढेच उत्तर मिळाले. थोरल्याने एक मुस्काटात दिली. तेव्हापासून धाकटा मागच्या खोलीचे दार लावून बसला होता. जेवायला येई, ताटाकडे पाहून जेवी आणि परत दार लावून घेई.

भाची मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मामा, याचं ऐकलं तर त्याला वाईट वाटते, त्याचं ऐकलं तर हा रडून राहिला. मी काय करू सांगा." मी काय सांगणार? बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन. मी कूलरच्या वाळ्याच्या ताटीपुढे खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो. काही सुचले नाही तर झोपता येते.

तिसऱ्या दिवशी दार उघडून धाकटा आपणहून माझ्याकडे आला, तो एक पुस्तक घेऊन. सुट्टीत एक इंग्रजी कादंबरी वाचून तिच्यावर निबंध लिहून आणा, असे शाळेने सांगितले होते. पुस्तकाचे नाव होते 'दि आउटसायडर्स', म्हणजे 'बाहेरचे'. "आजोबा, मी हे दोनदा वाचलं. पण लिहू काय ते समजून नाही राहिलं," तो म्हणाला.

आता वाचकांनी ही कादंबरी वाचली असेलच असे नाही, म्हणून दोन शब्द सांगतो. लेखिका एस. ई. हिंटन अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची. पंधराव्या वर्षी, शाळेत असतानाच, तिने ही कादंबरी लिहायला घेतली आणि १९६७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या मारामाऱ्यांवर एका मुलीने लिहिले आहे म्हटल्यावर परीक्षक नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकांनी सूझन हे नाव झाकून नुसती आद्याक्षरे छापली. तिकडच्या कित्येक शाळांत आज ती अभ्यासाला असते. काही शाळांनी मारामाऱ्या आणि दारू यांचा उल्लेख आहे म्हणून तिच्यावर बंदीही घातली होती. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथील एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी मुलांच्या सह्यांनिशी फ्रान्सिस फोर्ड कोपोला या दिग्दर्शकाला पत्र पाठवले, की यावर चित्रपट काढा. आणि १९८३ साली त्याने तो काढला! २०२४ साली तिच्यावरील संगीत नाटकाला अमेरिकेतले मानाचे टोनी पारितोषिक मिळाले.

कथा तीन भावांची आहे. आईवडील मोटार अपघातात गेलेले. डॅरी वीस वर्षांचा, सोडापॉप सोळाचा आणि गोष्ट सांगणारा पोनीबॉय चौदाचा. वागणूक नीट राहिली तरच तिघांना एकत्र राहता येणार, नाहीतर धाकट्या दोघांची रवानगी सरकारी वसतिगृहात होणार. गावात गरीब वस्तीची पोरे आणि श्रीमंत वस्तीची पोरे यांचे हाडवैर. एका रात्री पोनीबॉय उशिरा घरी येतो, डॅरी त्याच्या तोंडात मारतो, आणि तो घर सोडून पळतो. त्याच रात्री बागेत मारामारी होते आणि त्याच्या मित्राच्या हातून श्रीमंतांचा एक मुलगा मारला जातो. पुढचे सगळे त्या एका चपराकीतून निघते.

धाकट्याने हे पुस्तक दोनदा का वाचले, हे मला इथवर आल्यावर कळले.

मी म्हटले, "चल, आपण दोघे मिळून अभ्यास करू." एका कागदावर, पोनीबॉय आपल्या थोरल्या भावाविषयी काय काय *म्हणतो* ते लिहायचे. दुसऱ्या कागदावर, तो भाऊ प्रत्यक्ष काय काय *करतो* ते लिहायचे. मते पहिल्या कागदावर, कृती दुसऱ्यावर. दोन दुपारी आम्ही हाच उद्योग केला.

पहिला कागद झटकन भरला. डॅरी कठोर आहे, त्याला आपण नकोसे आहोत, तो सारखा ओरडतो. दुसरा कागद हळूहळू भरत गेला. डॅरी दोन ठिकाणी काम करतो. कॉलेजात जाण्याची त्याची योग्यता होती, तो गेला नाही. घरांच्या छपरांचे जड ओझे शिडीवरून वाहून त्याची पाठ धरते. धाकटा घरी येईपर्यंत तो जागा राहतो. आणि धाकटा जिवंत परत भेटतो तेव्हा इस्पितळात हा कठोर माणूस रडतो.

धाकटा बराच वेळ दोन्ही कागद पाहत होता. मग म्हणाला, "म्हणजे आजोबा, गोष्ट सांगणाराच चुकून राहिला काय?"

वाचकहो, या एका प्रश्नासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले असते. कथा सांगणारा खोटे बोलत नसतो, तरीही चुकत असतो. आणि लेखक त्याच्याच तोंडून आपल्याला त्याच्यापेक्षा थोडे अधिक दाखवीत असतो. कादंबरी वाचायला शिकणे म्हणजे पुष्कळसे हेच शिकणे. आपल्याकडे मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ सालच्या कादंबरीतही गोष्ट सांगणारा असाच एक नववीतला मुलगा आहे. त्याच्याभोवती आणीबाणी चालू आहे, आणि त्याचे सारे लक्ष वर्गातल्या एका मुलीकडे. मोठ्यांच्या जगातले त्याला जे अर्धवट दिसते, ते आपल्याला पुरते दिसते.

मग मला वाटले, आपल्या मराठीत थोरल्या भावाचे कुणी काय लिहून ठेवले आहे? 'श्यामची आई'त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून आणतो; पण तिथे बोलणारा श्यामच, म्हणजे देणाराच आहे. रामाच्या पादुका डोक्यावर घेणारा भरत आहे. थोरला म्हटला की आपण त्याला थेट देव्हाऱ्यात बसवतो. देव्हाऱ्यातल्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तू जेवलास का?

आणि 'बाहेरचे' म्हणाल तर आपल्याकडे त्या मुलांची एक फार जुनी गोष्ट आहे. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची ती चार लेकरे. गावाने वाळीत टाकलेली, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकल्यावर अनाथ झालेली, शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट तुडवणारी. परंपरेने सांगितलेली जन्मवर्षे धरली तर १२९० साली ज्ञानेश्वरी झाली तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे होते आणि निवृत्तिनाथ सतरा. धाकट्याने थोरल्या भावालाच गुरू केले. पण याच घरात एकदा लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून आत बसले, आणि सगळ्यांत धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांना विनवले, असे सांगतात. तेच ताटीचे अभंग. ताटी म्हणजे झोपडीचे दार. मी हे सांगत असताना धाकट्याने एकदा कूलरच्या ताटीकडे पाहिले आणि एकदा मागच्या खोलीच्या दाराकडे. मी काही बोललो नाही. संतांच्या गोष्टीनंतर उपदेश करणे म्हणजे जेवण झाल्यावर भूक लागण्याचे औषध देणे.

उपदेशाचे म्हणाल तर नागपूरला त्याहून चांगली गोष्ट घडलेली आहे. २००१ साली हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा राहिला, आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट आला. वाया गेलेली म्हणून ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्या पोरांकडे कुणीतरी पाहिले, एवढेच त्या गोष्टीचे मर्म. पण मला राहून राहून वाटत होते, वाया न गेलेल्या पोराकडे कोण पाहते? जो वेळेवर दुकान उघडतो, त्याची कुणी चौकशी करीत नाही.

म्हणून शेवटी मी धाकट्याला म्हटले, "निबंध असा लिही. हीच गोष्ट, त्याच रात्रीची, पण डॅरीच्या तोंडून."

त्याने आधी मराठीत लिहून काढले. दोन पाने. मला वाचायला दिले तेव्हा हसू आवरेना आणि नंतर चष्मा पुसावा लागला. टल्सा गावी घरांची छपरे घालणाऱ्या या डॅरीच्या बोटांना तांब्याच्या तारेचे काप पडलेले होते! उन्हाळ्यात त्याच्याकडे जळलेल्या कूलरच्या मोटारींची रांग लागत होती, त्याच्या कपड्यांना व्हार्निशचा वास येत होता, आणि एका दिवसात चार मोटारी भरून तो रात्री घरी येत होता, तर धाकट्याचे अंथरूण रिकामे. डॅरी दाराशी उभा राहून रस्त्याकडे पाहतो. बाबा गेले त्या रात्रीही तो असाच दाराशी उभा होता. इथे मजकूर संपत होता. चपराकीचे वाक्य लिहिलेच नव्हते.

ती दोन पाने त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवली. विसरला की मुद्दाम ठेवली, हे मी विचारले नाही. थोरला रात्री उशिरा आला. जेवता जेवता त्याने डाव्या हाताने पाने पुढे ओढली. मी वर्तमानपत्रामागून पाहत होतो. भाची पोळी लाटायची थांबली होती. तो वाचत राहिला; भात थंड झाला. मग त्याने खिशातले पेन काढले, एका ठिकाणी काहीतरी लिहिले, हात धुतले आणि झोपायला गेला.

सकाळी आम्ही पाहिले. 'एका दिवसात चार मोटारी' यातले 'चार' खोडून त्याने 'सहा' केले होते. बस्स, एवढेच.

धाकटा त्या आकड्याकडे पाहत म्हणाला, "सहा? मले माहीतच नव्हतं."

दुपारी थोरला जेवायला आला तेव्हा बुटाची नाडी सोडत, त्याच्याकडे न पाहता बोलला, "सायंकाळी दोन घंटे दुकानात येत जा. अभ्यास झाल्यावर. जुनी तार काढायला माणूस नाही." धाकटा म्हणाला, "येतो दादा." भाची स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी वाजवू लागली.

त्या घरातले सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. मी निघालो त्याच दिवशी दोघे मोबाइलच्या चार्जरवरून भांडत होते, आणि "तू मधात बोलू नको" ही आरोळी मला रिक्षात बसेपर्यंत ऐकू येत होती. थोरल्याचे राहिलेले शिक्षणही तसेच राहिलेले आहे. पुन्हा परीक्षेला बसायचे का, असे मी विचारले, तर "बघू आजोबा, सीझन संपू द्या," म्हणाला. हा सीझन कधी संपतो ते मला ठाऊक नाही. पण त्याला हे विचारायला तीन वर्षे लागली, ही लाज माझी आहे. त्या दोन पानांनी ती मला दाखवली.

दिवाळीत पाडवा पत्नीचा असतो, भाऊबीज बहिणीची असते. दोन भावांसाठी आपल्या पंचांगात दिवस नाही. तेव्हा या सुट्टीत, फराळाचे डबे उघडे असताना, घरातल्या नववी-दहावीच्या मुलाबरोबर एखादी कादंबरी बसून वाचा. दोन कागद घ्या. एकावर माणसांविषयीची मते लिहा, दुसऱ्यावर त्यांची कामे. आणि जमल्यास पुस्तक मिटल्यावर तेच दोन कागद आपल्या घरच्या माणसांसाठीही भरून पाहा. पहिला कागद लवकर भरेल. दुसऱ्याला वेळ लागेल. पण सुट्टी आहे, घाई कसली?